वाड्याचे वाटे आणि छपराचा धनी

पूर्वजांनी बांधलेला वाडा शे-दीडशे पावसाळे उभा राहतो आणि वाटे झाल्यावर दोन पिढ्यांत पडतो, असे का होते? हा प्रश्न ठाणे-कल्याणकडील जुन्या कुटुंबांत वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही तितक्याच सवयीने दिले जाते : भाऊबंदकी वाढली, भाडेकरू हटेनात, मालकाला पैसा पुरेना. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ती माणसांच्या स्वभावाविषयी आहेत, आणि ज्या इमारतीने एकत्र कुटुंबातील चार पिढ्यांची भांडणे मुकाट्याने सोसली तिला विभक्त कुटुंबांचीच तेवढी का सोसवत नाहीत, याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो करावयाचा तर वाडा कशाच्या आधारावर उभा असतो, त्यातील कोणते भाग तोडून देता येतात आणि कोणते कितीही वाटणीपत्रे लिहिली तरी देता येत नाहीत, हे आधी पाहिले पाहिजे.

१. सुभेदारांचे गाव

कल्याण हे मूळचे खाडीचे बंदर आणि घाटावरून उतरणाऱ्या मालाची पेठ. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. पुढे १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर या मुलखाचा कारभार फार विस्तारला, आणि सरसुभेदार, कमाविसदार, दप्तरदार, फडणीस यांच्याबरोबर त्यांच्या इतमामाला शोभतील असे वाडेही येथे उभे राहू लागले. सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचे देऊळ बांधले. कल्याणात त्यांच्या पदाची आठवण सुभेदारवाडा या नावाने शाळेच्या आणि १८९५ पासून चालत आलेल्या गणेशोत्सवाच्या नावात आजही राहिली आहे.

असा वाडा केवळ राहण्यासाठी बांधलेला नसे. दर्शनी भागात कचेरी, कारकुनांची बैठक, दप्तराचे रुमाल, आल्यागेल्याची सरबराई. आणि मागील भागात कुटुंब, आश्रित, विद्यार्थी, विधवा आत्या-मावश्या, गडीमाणसे आणि गुरेढोरे, अशी एक लहानशी वस्तीच त्यात नांदत असे. १७७४ च्या अखेरीस ठाणे आणि १७८० मध्ये कल्याण इंग्रजांच्या हाती गेले, १८१८ मध्ये पेशवाईच आटोपली, आणि कचेरी ज्या वाड्यांत भरत असे ते वाडे मागे राहिले. उत्पन्नाच्या मानाने घर मोठे, असा उलटा हिशेब त्यांच्या धन्यांच्या वाट्यास आला.

या हिशेबाला तोड काढली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणास पोहोचली. मुंबईच्या कचेरीत नोकरी आणि कल्याणात बिऱ्हाड, ही व्यवस्था हळूहळू रूढ झाली, आणि वाड्यातील ज्या खोल्या ओस पडल्या होत्या त्यांना भाडेकरू मिळू लागले. डोंबिवली ही तर या लोकलगाडीनेच वाढविलेली वस्ती. परंतु तेथील चाळी पहिल्यापासूनच वेगवेगळ्या बिऱ्हाडांसाठी बांधल्या गेल्या, म्हणून त्यांची गोष्ट निराळी आणि सोपीही. एका कुटुंबासाठी कल्पिलेली वास्तू पुढे अनेकांची झाली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर जुन्या कल्याणात आणि ठाण्याच्या तलावाभोवतालच्या आळ्यांतच शिरले पाहिजे.

२. भिंत भार वाहत नाही

वाड्याविषयी पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती ही की, त्याचा भार भिंती वाहत नाहीत. काळ्या दगडाच्या जोत्यावर तळखडे बसवून त्यांवर सागवानी खांब उभे केलेले असतात. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती-चुन्याचा थर, असा तो कडीपाट. आणि सर्वांच्या वर आढे, वासे, रिपा आणि कौले. विटामातीच्या भिंती नंतर या सांगाड्याच्या मधल्या जागा भरण्यासाठी येतात. लग्नाच्या मांडवाची उपमा येथे नेमकी लागू पडते : छत पेलतात ते मेढी आणि वर बांधलेले वासे, कनात केवळ आडोशापुरती असते, ती आज येथून सोडून उद्या तेथे बांधली तरी मांडवाला त्याचे काही वाटत नाही.

दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात. तो साधारणपणे पाच फुटांच्या आगेमागे असतो, आणि हेच वाड्याचे खरे मोजमाप. म्हणूनच जुन्या लोकांच्या तोंडी घराची लांबी-रुंदी फुटांत येत नसे, पाचखणी घर, सातखणी माडी, असे ते बोलत. समजा, एखाद्या वाड्याची दर्शनी बाजू बारा खणांची आहे. तिच्या तीन-तीन खणांच्या चार खोल्या करता येतात, चार-चार खणांच्या तीन करता येतात, किंवा आजची चार खणांची बैठक उद्या दोन-दोन खणांत विभागता येते. पडदी कोठेही घातली तरी ती खांबांच्या ओळीवर घातली असेल तोवर सांगाड्यास ढका लागत नाही.

विभागणीची सोय वाड्याच्या घडणीत मुळातच होती, असा याचा अर्थ. जुने सुतार कुटुंब वाढणार आणि खोल्या बदलणार हे गृहीत धरूनच काम करीत, आणि पडदी घालावयाची ती फळ्यांची किंवा कुडाची, हा त्यांचा अलिखित नियम होता. त्या नियमाकडे पुढे यावयाचे आहे, कारण वाड्यांचे बरेचसे मरण तो मोडल्यामुळे आलेले आहे.

३. चौक, आणि एकच असलेल्या गोष्टी

खोल्या खणांत मोजता येत असल्या तरी वाड्यातील सर्व जागा सारख्या योग्यतेच्या नव्हत्या. दिंडी दरवाजातून आत शिरले की देवडी, देवडीनंतर चौक, चौकाभोवती ओसरी, समोर सोपा, त्याच्या आत माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर, कोठी, अंधारी अशी बाळंतिणीची खोली, आणि शेवटी परसू, विहीर, गोठा; वर माडीवर दिवाणखाना. बाहेरून आत जावे तसतसा परक्याचा प्रवेश कमी होत जातो आणि प्रकाशही कमी होत जातो.

या रचनेत चौक ही जागा रिकामी दिसते, परंतु सर्व खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो तो तिच्यामुळे; कारण बाहेरच्या भिंती जाड, खिडक्या थोड्या आणि उंचावर, अशी जुन्या काळच्या असुरक्षिततेस अनुसरून केलेली बांधणी असे. देशावरच्या वाड्यांना मातीचे धाबे चालते. ठाणे-कल्याणच्या सुमारे शंभर इंच पावसात ते टिकावयाचे नाही, म्हणून येथे उतरते छप्पर आणि कौले, आणि चौक असला तर छपराच्या आतल्या चारही पाखांचे पाणी त्या चौकात. हे पाणी किती? एक हजार चौरस फूट छपरावर शंभर इंच पाऊस पडला तर आठ हजारांवर घनफूट, म्हणजे सव्वादोन लाख लिटरांहून अधिक पाणी एका पावसाळ्यात खाली येते. आणि ते सारे चौकाच्या फरसबंदीवरून एकाच मोरीवाटे बाहेर जावयाचे असते.

आता एकच असलेल्या गोष्टींची मोजदाद करावी. दरवाजा एक, चौक एक, विहीर एक, देवघर एक, चूल एक, जिना बहुधा एक किंवा दोन, आणि छप्पर एक. खोल्या चाळीस असोत, या सात गोष्टींची संख्या वाढत नाही.

४. उभे वाटे, आडवे वाटे

चार भाऊ विभक्त झाले म्हणजे वाड्याचे वाटे तीन रीतींनी होऊ शकतात. पहिली रीत उभ्या वाट्याची : बारा खणांचे चार भाग करून ज्याने-त्याने आपले तीन खण जोत्यापासून आढ्यापर्यंत घ्यावे, खालची ओसरी, वरची माडी आणि डोक्यावरचे छप्पर एकाच हिश्श्यात. दुसरी रीत आडव्या वाट्याची : थोरल्याने तळमजला घ्यावा, धाकट्याने माडी. तिसरी रीत खोलीवार वाटणीची, ज्यात एकाला दिवाणखाना आणि खालची कोठी, दुसऱ्याला माजघराचा अर्धा भाग आणि माडीवरील दोन खोल्या, असे मोलास मोल जुळवून वाटे पाडले जातात.

कागदावर पाहिले तर तिसरी रीत सर्वांत न्यायाची दिसते, आणि पंचांची पसंतीही बहुधा तिलाच असे. कारण दर्शनी जागा आणि मागील जागा यांचे मोल सारखे नसते, आणि मोल जुळले की कज्जा टळला असे वाटते. इमारतीच्या दृष्टीने मात्र हीच सर्वांत घातक. कोणाच्या खोलीवर कोणाची खोली, कोणाच्या दारातून कोणाची वाट, आणि छपराच्या एका पाखाखाली तिघांचे हक्क, असा गुंता त्यातून होतो की पुढे एक वासा बदलावयाचा तरी तीन संमत्या लागतात. आडव्या वाटणीत गुंता कमी, पण माडीवाल्याचे छप्पर गळले तर तळमजल्याच्या धन्याला त्याची झळ लगेच पोहोचत नाही, आणि तळमजल्याच्या खांबाला वाळवी लागली तर माडीवाल्याला ती दिसत नाही. उभ्या वाटणीत जिने चार बांधावे लागतात, चुली चार मांडाव्या लागतात, दर्शनी बाजूस दारेही वाढतात, पहिला खर्च अधिक येतो. परंतु ज्याच्या डोक्यावर जे छप्पर ते त्याचे, एवढी एक गोष्ट स्पष्ट राहते. माझ्या मते वाड्याच्या आयुष्याचा निकाल बराचसा या एका गोष्टीवर लागतो.

इंग्लंडातील अनुभवही याच बाजूस झुकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील सरदार-जमीनदारांच्या शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या, कारण नोकरचाकर आणि खंडाचे उत्पन्न यांवाचून त्या चालविणे अशक्य झाले होते. १९७० नंतरच्या काळात किट मार्टिन नावाच्या वास्तुतज्ज्ञाने नॉर्थॅम्प्टनशायरमधील डिंग्ली हॉल आणि नॉरफोकमधील गंटन हॉल यांसारख्या पडीक हवेल्या घेऊन त्यांची अनेक स्वतंत्र घरे केली. मजल्यामजल्यांवर बिऱ्हाडे न पाडता इमारत शक्य तेथे उभी विभागावी, प्रत्येकास स्वतःचे दार द्यावे, आणि मोठी दालने मधोमध भिंत घालून चिरू नयेत, ही त्याची पद्धत. आमच्या खणांची भाषा त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु खणाखणाने वाटा पाडणाऱ्या जुन्या सुताराला ती पद्धत सांगितली असती तर त्याने मान डोलावली असती.

कल्याणच्या शेजारीच याचे एक निराळे उदाहरण आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकी राहावयास देण्यात आल्या आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. बराक म्हणजे चौक नाही, माजघर नाही, एका ओळीतील लांबलचक दालन. त्याचे पडद्या घालून एकाशेजारी एक असे उभे तुकडे पाडणे सोपे गेले.

५. अपूर्णांकांची गोष्ट

पहिली वाटणी चार भावांत होते; अडचण पुढच्या पिढ्यांत येते. बारा खणांपैकी एका भावाचे तीन खण. त्याची तीन मुले, म्हणजे प्रत्येकी एक खण. त्यांपैकी एकाची पुन्हा चार अपत्ये, म्हणजे प्रत्येकी पाव खण. आणि पाव खण म्हणजे सव्वा फूट, ज्यात माणूस उभा राहू शकतो पण झोपू शकत नाही. मिळकत पत्रिकेवर मात्र या सव्वा फुटाच्या धन्याचे नावही इतरांच्या बरोबरीने चढते, आणि काही वाड्यांच्या पत्रिकांवर नावांची जी रांग लागते तिचे मूळ या साध्या भागाकारात आहे.

कायद्याने राहत्या घराच्या वाटणीला काही बांध घातले होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला तरी त्याला घरात येऊन इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने रीतसर वाटप मागावे. त्याने तसे मागितलेच तर, १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे, उरलेल्या हिस्सेदारांना तो हिस्सा योग्य किमतीस आपणच घेण्याची मुभा आहे. आणि मिळकतीचे वाजवी तुकडे पडूच शकत नसतील तर, निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या धन्यांनी मागणी केल्यास, न्यायालय ती विकून पैसे वाटून देऊ शकते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आणखी एक बांध होता : भावांनी आपसांत वाटणी करावयाचे ठरविल्याखेरीज बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला, आणि योग्यच केले. कारण घर मोडू नये याची सारी किंमत घरच्या मुलींनीच का मोजावी, याला समाधानकारक उत्तर त्या कलमाच्या कैवाऱ्यांनाही देता येत नसे. अपूर्णांक त्यामुळे आणखी लहान झाले हे खरे, पण पाव खणाचा प्रश्न काही बहिणींनी निर्माण केलेला नव्हता.

६. जे वाटले जात नाही

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. मनुस्मृतीत न वाटावयाच्या वस्तूंची जी यादी येते तिच्यात पाणी आहे आणि वाटही आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचा अर्थ व्यवहारी माणसासारखा उलगडून सांगितला : पाणी म्हणजे विहिरीसारखे पाण्याचे ठिकाण, त्याचे पैशांत मोल करून वाटे पाडू नयेत, पाळीपाळीने वापरावे, आणि वाट म्हणजे घरात, बागेत ये-जा करण्याचा मार्ग, तोही सामाईक राहावा. हा विज्ञानेश्वर कल्याणचाच, असे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. परंतु चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारातील ते कल्याण म्हणजे बिदरजवळचे बसवकल्याण, खाडीकाठचे हे नव्हे. उत्तर कोकणात तर इंग्रजी न्यायालयांनी मिताक्षरेहून नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखास अधिक मान दिला. कुलदेवतेची मूर्तीही अशीच अविभाज्य. तिच्या पूजेच्या पाळ्या लागत, आणि कित्येक वाड्यांत अजूनही लागतात.

विहीर, वाट आणि देव यांची सोय शास्त्राने केली, आणि जुन्या वाटणीपत्रांतही या तिन्हींचा उल्लेख बहुधा असतो : विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे, दिंडी दरवाजातून जाण्यायेण्याची वहिवाट सर्वांची, देवघर सामाईक. छपराचा उल्लेख मात्र सहसा नसतो. ज्या काळी दरवर्षी आगोटीला घरचा कर्ता कौले चाळून घेई, त्या काळी छप्पर ही वाटण्याजोगी किंवा सामाईक ठेवण्याजोगी मालमत्ता आहे, असे कोणाच्या मनातही आले नसावे.

कौले चाळणे म्हणजे काय, हे नव्या वाचकास सांगितले पाहिजे. नळीची देशी कौले एकमेकांवर नुसती ठेवलेली असतात. वाऱ्याने, माकडांनी, मांजरांनी ती सरकतात, काही फुटतात, खाली कचरा साठतो. म्हणून पावसाच्या आधी ती उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवावी लागतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कारखाना काढल्यानंतर पुढे जी मंगलोरी कौले सर्वत्र पसरली ती एकमेकांत अडकतात, त्यांना इतकी देखभाल लागत नाही. तरी चौकाच्या कोपऱ्यांत, जेथे दोन पाखे मिळतात, तेथील पन्हळ दरसाल पाहावीच लागते. आणि ही पन्हळ नेमकी दोन हिस्सेदारांच्या सीमेवर येते. डावीकडच्याने म्हणावे पाणी उजवीकडून येते, उजवीकडच्याने म्हणावे गळती डावीकडे आहे. तोवर पन्हळीखालच्या तुळईचे तोंड कुजू लागलेले असते.

७. मोरी

वाड्याचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे कोणी विचारले तर मी माडीवरची मोरी असे उत्तर देईन, आणि ते अतिशयोक्तीने नव्हे. सागवान कोरड्यात शतकानुशतके टिकते, पूर्णपणे पाण्याखालीही फार काळ टिकते; त्याला सोसत नाही ते वारंवार भिजणे आणि वाळणे. अशा आलटून-पालटून होणाऱ्या ओलीत बुरशी लाकडाचा कस खाऊन टाकते, आणि मागोमाग वाळवी येते.

मूळ वाड्यात पाण्याची सारी कामे जमिनीवर, मागील अंगाला, दगडी फरशीवर होत. माडीवर पाणी जाई ते तांब्याने. वाटे झाल्यावर, किंवा माडीच्या खोल्या भाडेकरूंना दिल्यावर, प्रत्येक बिऱ्हाडाला चूल हवी, आणि चुलीपाशी मोरी हवी. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लागून, कडीपाटावरच चार विटांची कड करून शहाबादी फरशी बसविली जाते आणि भिंतीतून एक नळकांडे बाहेर काढले जाते. आता तुळईची टोके असतात कोठे? त्याच बाहेरच्या भिंतीत, त्याच कोपऱ्यात. मोरीचे पाणी फरशीच्या सांध्यांतून रोज थोडेथोडे झिरपते, तुळईच्या टोकाशी साठते, आणि ते टोक भिंतीच्या आत असल्यामुळे कुजणे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. टकटक करून पाहणारा सुतार टोकापाशी पोहोचतच नाही. मग एके वर्षी, भर पावसात, काहीही पूर्वसूचना न देता कोपरा खचतो.

याच्या जोडीला दुसरी चूक येते ती पक्क्या भिंतीची. फळ्यांच्या पडदीतून शेजारच्या बिऱ्हाडाचे बोलणे ऐकू येते, म्हणून ती काढून साडेचार इंची विटेची भिंत घातली जाते. तिचा भार किती, हे सहज काढता येते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी भिंत घेतली तर ती साडेसदतीस घनफूट भरते. वीटकामाचे एक घनफूट सुमारे चोपन्न किलो वजनाचे, म्हणजे एकूण दोन हजार किलोंहून थोडे अधिक. तीस माणसे एका ओळीत कायमची उभी करावी तेवढा हा भार, आणि तोही बहुधा खांबांच्या ओळीवर नव्हे, तर दोघांच्या हिश्श्याची रेषा जेथे पडली असेल तेथे, म्हणजे कित्येकदा कड्यांच्या ऐन मध्यावर. खण पाहून वाटे पाडले असते तर हीच भिंत खांबांच्या ओळीवर, तुळईवर आली असती. फूटपट्टी घेऊन मोजणाऱ्या हिस्सेदाराला न्याय मिळतो, इमारतीला मिळत नाही.

तिसरी चूक सिमेंटची. जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर उडून जाते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा दिला की ती आतच कोंडते, आणि भिंतीत गाडलेले खांब तिला तोंड देत बसतात. दुरुस्ती केल्याचे समाधान तेवढे मिळते.

यातूनही एखादा हिस्सेदार सुस्थितीत असला तर तो आपला वाटा पाडून तेथे सिमेंट-काँक्रीटचे दुमजली घर उठवितो. मांडवाच्या मेढी जशा एकमेकींना ताणून धरतात, तसे वाड्याचे चारही सोपे परस्परांच्या आधाराने उभे असतात. एक काढला की उरलेले तीन त्या बाजूला कलू लागतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने शेजारच्या इमारतीचा आधार, तसेच उजेड आणि वारा, यांवर वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने हक्क सांगता येतो. पण दावा लावून निकाल येईतो जितके पावसाळे जातात तितके ती कललेली भिंत थांबत नाही.

८. भाड्याचा हिशेब

भाडेकरूंची बाजू थोडक्यात आटोपता येते, कारण ती केवळ अंकगणिताची आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी बहुतेक १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठविली. युद्धानंतरच्या जागाटंचाईत गरिबांना तो आधार होता यात शंका नाही. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदती वाढवीत अर्धशतक चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठलेली भाडी अवाजवी ठरविल्यानंतर नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने दरसाल चार टक्के वाढ देऊ केली. समजा, एका खोलीचे भाडे दहा रुपये होते. पंचवीस वर्षे ते चक्रवाढीने वाढत गेले तरी सत्तावीस रुपयांच्या आतच राहते. वाड्यात अशी बारा बिऱ्हाडे असली तर वर्षाचे उत्पन्न चार हजारांहून कमी. सागाचा वासा तर राहोच, कौले उतरवून चढविण्याची मजुरीही यातून निघत नाही.

मालक म्हणतो, भाडे मिळत नाही तर दुरुस्ती कशी करू. भाडेकरू म्हणतो, पागडी देऊन घेतलेली जागा माझी, पण छप्पर मालकाचे. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने बरोबर आहे. मग महानगरपालिकेची नोटीस येते आणि इमारत सी-१, म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडावयाच्या वर्गात बसते, तेव्हा मालक आणि भाडेकरू प्रथमच एकाच कागदावर सह्या करतात, आणि तो कागद बांधकाम व्यावसायिकाचा असतो.

९. वाटणीपत्रात काय असावे

ज्या प्रश्नाकडे वाड्यांच्या वाटणीपत्रांनी दुर्लक्ष केले तो नव्या इमारतींच्या बाबतीत कायद्याने पुढे सोडविला. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा १९७० मध्ये आला. त्यात पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर, जिने आणि प्रवेशद्वारे यांना सामाईक क्षेत्र मानले आहे, प्रत्येक सदनिकेबरोबर त्यांतील ठरावीक अविभक्त हिस्सा कायमचा जोडून दिला आहे, आणि त्या हिश्श्याची वाटणी मागण्यास मनाई केली आहे. डोंबिवलीतील चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला गच्चीच्या गळतीची वर्गणी द्यावी लागते ती या विचारामुळे, मग त्याची इमारत या कायद्याखाली असो की सहकारी गृहनिर्माण संस्थेची असो.

वाडा अजून उभा आहे आणि वाटणी व्हावयाची आहे अशी घरे ठाण्या-कल्याणात आता थोडी आहेत, पण आहेत. त्यांच्या वाटणीपत्रास चौरस फुटांच्या नकाशाऐवजी खांब आणि तुळया दाखविणारा नकाशा जोडावा, आणि वाट्याची रेषा खांबांच्या ओळीवरूनच न्यावी, मग कोणाकडे दोन-तीन फूट अधिक गेले तर त्याची भरपाई रोख रकमेने करावी. चौक कोणाच्याही हिश्श्यात घालू नये आणि त्यावर पत्रा टाकण्यास मनाई लिहावी. छपराचा खर्च सर्वांनी हिश्श्याच्या प्रमाणात द्यावा, पन्हळी पाहण्याचे काम वैशाखात व्हावे, आणि ते पाळीने कोणाकडे राहील हेही नावानिशी नमूद असावे. पागोळ्यांचे पाणी कोठे पडेल ते लिहावे. माडीवर मोरी करावयाचीच असली तर ती तुळईच्या टोकापासून दूर, जोत्यापासून उभारलेल्या स्वतंत्र वीटकामावर करावी, आणि तिचे नळकांडे भिंतीतून न काढता भिंतीबाहेरून, दिसेल असे खाली आणावे.